तूप नको म्हणणाऱ्यांच्या घरी काय न्यावं?

म्हसवडच्या पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी घातलेलं, आता गल्ल्यावर मी बसते. लग्नसराईत गिऱ्हाईक येतं ते ठरलेलंच मागतं. पाण्याचं पिंप, डब्यांचा संच, कुकर, फार तर पितळी समई. अलीकडे मात्र एक नवाच प्रश्न ऐकू येतो. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा भाचा किंवा सून दूध, दही, तूप, पनीर, अंडं, मध यातलं काहीच खात नाही. नवीन घर घेतलंय, वास्तुशांत आहे, आणि मामाला स्वयंपाकघरातलंच काहीतरी द्यायचंय. "काय द्यावं हो वहिनी, त्यांचं काय चालतं आणि काय नाही?" विचारताना आवाजात थोडी कीवही असते. बिचारे खात तरी काय असतील!

ती कीव आधी बाजूला ठेवायला सांगते. या मंडळींना 'वीगन' म्हणतात. आपल्या शाकाहारात दूध-तूप बसतं, यांच्यात जनावरापासून आलेलं काहीही बसत नाही. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी हे नाव पाडलं. पण दूध सोडायचा विचार काही तिकडूनच आला असं नाही. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं. पुढे मोठ्या आजारपणात शेळीच्या दुधावर तडजोड केली आणि ती तडजोड त्यांना शेवटपर्यंत खटकत राहिली.

आणि आमच्या माणदेशाचं रोजचं ताट पाहा. महाबळेश्वर आमच्याच सातारा जिल्ह्यात. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. डोंगर ढग अडवतो, आमच्या वाट्याला नुसता वारा येतो. अशा रानात पिकते बाजरी, मटकी, हुलगा, तूर, कारळे. हा धनगरांचा मुलूख, मेंढरं दारोदार. पण मटण शिजतं ते यात्रेला नाहीतर पाहुण्याला. दूध असलं तरी ते डेअरीला जातं, कारण त्याचे पैसे येतात. घरात शिजतं ते बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, कारळ्याची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, ठेचा, रानातली तांदुळजा किंवा घोळ. यात जनावराचं काय आहे? वीगन हा शब्द न ऐकलेल्या कितीतरी आज्या आठवड्यातले चार-पाच दिवस तेच जेवल्या. तेव्हा अशा घरासाठी लागणारी हत्यारं परदेशी दुकानातून मागवायची गरज नाही. ती आपल्याकडे आहेत, फक्त माळ्यावर टाकलेली आहेत.

भेट निवडताना मी गिऱ्हाइकाला एकच सांगते. खाणाऱ्याचं तत्त्वज्ञान बघू नका, त्याचे हात कुठं दुखतात ते बघा. दूध-तूप वगळलेल्या स्वयंपाकात शिजवण्यापेक्षा आधीची कामं जास्त. निवडा, भिजवा, मोड आणा, भाजा, कुटा, वाटा. ज्या वस्तूनं यातलं एखादं काम हलकं होईल तीच भेट रोज हातात राहते. बाकीची ओट्याखाली जाते.

यात पहिला मान वाटण्याचा. तूप-साय-लोणी नसेल तर जेवणात स्निग्धपणा आणायचा कुठून? शेंगदाण्यातून, तिळातून, खोबऱ्यातून, कारळ्यातून. शेंगदाण्यात आणि तिळात निम्म्याच्या जवळपास तेलच असतं, पण ते दाण्यात कोंडलेलं असतं. नुसता दाणा आमटीत टाकला तर आमटी पाणचट ती पाणचटच. तोच भाजून बारीक वाटला की तेल सुटतं, आमटी दाट होते, वर तवंग येतो. म्हणून वाटायचं-कुटायचं साधन हीच माझ्या मते सगळ्यांत चांगली भेट.

खलबत्ता घेताना लोक नक्षी बघतात. मी म्हणते वजन बघा. एका हातानं सहज उचलला जातो तो खल कुटताना ओट्यावर नाचतो. खोलगट हवा, तोंड फार पसरट नको, नाहीतर मिरचीचं बी डोळ्यात जातं. पितळी खलबत्ता दिसायला देखणा, वेलदोडे-जायफळ कुटायला ठीक. लिंबू पिळलेला ठेचा त्यात नको, आंबटानं पितळ कळकतं. ठेच्याला लोखंडी नाहीतर दगडी. लोखंडी खल धुतला की लगेच पुसून तेलाचं बोट फिरवायचं, एवढी एकच त्याची मागणी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना खलाबरोबर गोणपाटाची जाड घडीही द्यावी. खालच्या मजल्यावरच्यांनी सकाळी सकाळी दार वाजवलं तर भेटीचा आनंद तिथंच संपतो.

पाटा-वरवंट्याचा असा आवाज नाही. तो घासतो, आपटत नाही. पण तो बसून वापरायचा आणि शहरातली स्वयंपाकघरं उभ्यानं काम करायची. म्हणून ओट्यावर मावेल असा लहान पाटा द्यावा. आपल्याकडचा दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्वालामुखीच्या रसातून थिजलेला बेसाल्ट. तो कठीण आणि दाट असतो. वडार मंडळी टाकी आणि हातोड्यानं त्यावर बारीक खाचा पाडतात, आणि वाटायचं काम त्या खाचाच करतात. गुळगुळीत चकचकीत पाटा कुणी 'पॉलिश' म्हणून विकत असेल तर घेऊ नका, त्यावर चटणी फक्त सरकत राहील. पाटा घेताना ओल्या हातानं चोळून बघा. भुकटी सारखी सुटत राहिली, बोटाला रंग लागला, तर दगड मऊ आहे. नवीन पाट्यावर आधी भिजवलेले तांदूळ वाटून फेकून द्यायचे. वाटण पांढरं आणि कचकच नसलेलं येईपर्यंत हे करत राहायचं. मग भरडं मीठ आणि लसूण वाटून पाटा धुवायचा. वर्षा-दोन वर्षांनी खाचा बुजल्या की पुन्हा टाकी लावून घ्यायची. भेट देणाऱ्यानं हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून पाट्याबरोबर ठेवावं. मुलांना माहीत नसतं, आणि विचारायला संकोच वाटतो.

आता मिक्सर. दगडाचं एवढं कौतुक केलं म्हणून मी मिक्सरच्या विरोधात आहे असं समजू नका. दुकानात रोज विकते. नोकरी करणाऱ्या घरात मिक्सर आधी, पाटा नंतर. या लोकांच्या घरी तो नेहमीपेक्षा जास्त राबतो, म्हणून ५०० वॅटचा घेऊन पैसे वाचवू नका. ७५० वॅटच्या खाली जाऊ नये, आणि चटणीचं लहान भांडं चांगल्या जाड पत्र्याचं आहे ना ते बघावं. घरात मिक्सर आधीच असेल तर नुसतं लहान भांडं त्याच कंपनीचं आणून द्या. कमी पैशांत इतकी उपयोगी भेट दुसरी नाही, पण ती कुणाला सुचत नाही, कारण ती खोक्यात मोठी दिसत नाही.

दाण्याचं किंवा बदामाचं दूध काढायची वेगळी यंत्रं हल्ली निघाली आहेत. मला ती पटत नाहीत. शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, चोळून सालं काढायची, पाणी घालून मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटायचं, मलमलच्या कापडातून पिळून गाळायचं आणि तळाला लागू न देता चांगलं उकळायचं. झालं दूध. ते कोमट असताना त्यात हिरव्या मिरच्यांची स्वच्छ धुतलेली देठं टाकून झाकून ठेवलं तर दही लागतं. देठांवर दही लावणारे जिवाणू मुळातच असतात. पहिलं विरजण जरा पातळ येतं, त्यातलंच घेऊन दुसऱ्यांदा लावलं की बसतं. चव ताकाच्या माणसाला लगेच पटणार नाही हेही खरं. पण यासाठी लागतं काय? जाड बुडाचं पातेलं आणि मीटरभर मलमल. यंत्राचे पैसे त्या पातेल्यात घाला. गाळलेला चोथा टाकू नका, भाकरीच्या पिठात किंवा भाजीत जातो.

मोड आणायच्या डब्यांबद्दल माझं मत विकणारणीला शोभणारं नाही. स्टीलचे, भोकं पाडलेले, एकावर एक बसणारे डबे छान दिसतात आणि हिवाळ्यात चालतातही. एप्रिल-मे महिन्यात मात्र झाकणाखाली वाफ कोंडते आणि मटकी बुळबुळीत होऊन वास मारते. बुरुडांनी विणलेली वेळूची रोवळी आणि ओलं सुती फडकं यांना तोड नाही. पाणी निथळून जातं, वारा खेळतो, मोड लांब येतात. मोड आले की कडधान्यातलं फायटेट कमी होतं. लोह आणि जस्त शरीराला लागू देत नाही ते हेच. शिवाय कोरड्या मटकीत नावालाही नसलेलं 'क' जीवनसत्त्व तयार होतं. रोवळी वापरल्यावर उन्हात सुकवली पाहिजे, नाहीतर बुरशी धरते, हेही चिठ्ठीवर लिहा. रोवळीत किलोभर माणदेशी मटकी आणि अर्धा किलो हुलगे भरून दिलेत तर भेट दिसायलाही भरलेली दिसते. हुलगे आधी भाजून दळायचे, म्हणजे माडग्याला खमंगपणा येतो.

तव्याकडे वळू. भाकरी करणाऱ्याला नॉनस्टिक तवा देणं म्हणजे पैसे वाया. भाकरीचा तवा रिकामाच कडकडीत तापवावा लागतो. नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो, आणि भाकरीच्या आचेवर रिकामा तवा तिथपर्यंत सहज पोचतो. बिडाचा तवा जड, सावकाश तापतो, पण एकदा तापला की उष्णता सोडत नाही. धिरडी, थालीपीठ, आंबोळ्या याच्यावर सुरेख. पातळ लोखंडी तवा भाकरीला बरा, कारण आच कमी-जास्त केली की तो लगेच ऐकतो. बिडाचं भांडं पडलं तर तडकतं, लोखंडी पत्र्याचं वाकतं आणि ठोकून सरळ होतं. घिसाड्यानं घडवलेला तवा, उलथणं, विळा यांना यंत्राची सफाई नसेल, पण पुढची पिढी ते वापरते.

लोखंडाच्या कढईला आमच्याकडे अजून मागणी आहे, आणि या घरांसाठी तर ती मुद्दाम द्यावी. धान्या-भाज्यांतलं लोह मांसातल्या लोहापेक्षा शरीराला कमी लागू पडतं. लोखंडी कढईत केलेल्या भाजीत थोडं लोह उतरतं, टोमॅटो-चिंचेसारखं आंबट असेल तर जास्तच. भाजी काळसर होते आणि तशीच कढईत ठेवली तर चव बिघडते, म्हणून शिजली की दुसऱ्या भांड्यात काढायची. पानात लिंबाची फोड असली तर आणखी बरं. 'क' जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. बी-१२ मात्र कुठल्याच कढईतून मिळत नाही. वनस्पतींतून ते मिळतच नाही, त्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी लागते. हे भांडीवालीनं सांगायचं काम नाही, पण सांगून टाकते.

पितळी पातेलं भेट म्हणून फार जातं. त्याला कल्हई लागते, आणि कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवायचं नाही, त्यात कोरडं भाजायचं नाही. कल्हई उडाल्यावर आमटी-सांबारासारखं आंबट त्यात शिजवलं तर पितळातलं तांबं अन्नात उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. कल्हईवाला वर्षातून एकदा तरी ज्या गल्लीत येतो, तिथं पितळ द्या. एकविसाव्या मजल्यावर देऊ नका.

लाकडाची काठवट मात्र कुठल्याही मजल्यावर चालते. बाजरीत गव्हासारखा चिकटपणा धरणारा ग्लूटेन नसतो, म्हणून पीठ लाटता येत नाही. गरम पाण्यात मळून तळव्यानं रेटावं लागतं. स्टीलच्या परातीत तेच पीठ घसरतं आणि परात फिरते. काठवट जड असते, जागची हलत नाही.

आता काय देऊ नये ते सांगते, कारण खरी फजिती इथं होते. रवी, तुपाचं भांडं, पनीर दाबायचा साचा हे तर उघड आहे. पण आमचा माणदेशी अभिमान म्हणजे घोंगडी. बसायला घोंगडीचं आसन द्यावं असं इथल्या माणसाला हमखास वाटतं. ती लोकरीची, यातले बरेच जण लोकर, रेशीम, चामडं वापरत नाहीत. आधी विचारा. दुसरं, 'बोन चायना'चे कप. नावातच हाड आहे: त्या मातीत जनावराच्या हाडांची राख मिसळलेली असते. चहाचा सेट देणारे हे कधी बघत नाहीत. त्यापेक्षा साधी चिनी मातीची लोणच्याची बरणी द्यावी, तिच्यात हाड नाही आणि ती मीठ-आंबट सगळं सोसते. तिसरं, लाखेचा रंग दिलेली लाकडी खेळणी-पोळपाट. लाख ही किड्यानं झाडावर सोडलेली राळ. काहींना चालते, काहींना नाही. मला स्वतःला इतकं बारीक पाहणं जरा जास्त वाटतं; पण भेट त्यांच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही.

खाऊ द्यायचा असेल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून फसू नका. तो शाकाहाराचा आहे. दुधाच्या पिशवीवरही तो असतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२२ साली वीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं हिरवं चिन्ह आणलं, ते शोधा. पण मी म्हणेन, पाकिटाच्या वाटेला जाऊच नका. कांदा-लसूण चटणी, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, काकवी, सेंद्रिय गूळ द्या. म्हसवडात बायकांचे असे घरगुती उद्योग भरपूर आहेत. या गावातल्या बायकांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्यासोबत बँक काढायचं ठरवलं, तेव्हा सभासद अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा परवाना नाकारला होता. बायका लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आज मिरची कांडपापासून मसाल्यापर्यंतचा धंदा करणाऱ्या बाईकडून चटणी घेतली तर ती तुमच्यासमोर भाजून देते, आणि त्यात काय घातलंय ते तोंडानं सांगते. यापेक्षा खात्रीचं चिन्ह कुठलं?

एक पुस्तकही सुचवते. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा', १९७० सालचं. बाई आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. प्रमाण वाटी-चमच्यात दिल्यामुळे वजनकाटा नसलेल्या घरांतही ते चाललं, आणि लग्नात मुलीला द्यायची एक पद्धतच पडली. त्यात दूध-तूप भरपूर आहे हे खरं. पण उसळी, चटण्या, कोशिंबिरी, भाकरीचे प्रकार इतके आहेत की खुणा करून दिलं तर वीगन मुलगीही वर्षभर त्यावर स्वयंपाक करील.

खरेदी कुठं करायची? दगडाचं, लोखंडाचं, वेळूचं सामान घ्यायला यात्रेसारखी जागा नाही. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला आमच्या सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा अशा सामानाची पालं लागतात. घडवणारा समोर बसलेला असतो. त्याच्याशी घासाघीस करायच्या आधी ती वस्तू घडवायला किती वेळ गेला ते विचारा. आणि पाटा नेताना त्याच्याकडूनच एक जास्तीची टाकी मारून घ्या.

बजेटचं म्हणाल तर पाचशेच्या आत मिसळणाचा डबा, रोवळी, मलमल आणि मटकी असा छोटा संच सहज बसतो. त्याहून जास्त असेल तर खलबत्ता किंवा लोखंडी कढई. चार-पाच जणांनी मिळून द्यायचं असेल तर मिक्सर. पाचही जणांनी वेगवेगळा कुकर आणायचा नाही, हे आधी फोनवर ठरवा.

आणि घेणाऱ्याला सरळ विचारायला लाजू नका: घरात काय आहे, काय नाही, ओटा केवढा, शेगडी गॅसची की इंडक्शनची. इंडक्शनवर पितळ, तांबं, माती तापत नाही. लोखंड आणि बीड तापतं. विचारून झालं, वस्तू ठरली, तरी भांड्यावर नाव घालायची घाई करू नका. आधी भांडं त्यांना आवडू दे. नाव घातलेलं भांडं कुठलाच दुकानदार परत घेत नाही. मीही घेत नाही.